आखीव कागदाचा इतिहास

एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल चौघांनीं मिळून तयार केल्याचा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांना असेल. चिटणीस मसुदा लिहितात. खजिनदार त्यांत आकडे भरतात. उपाध्यक्ष भाषा सुधारतात. आणि अध्यक्ष अगदीं शेवटच्या घटकेला दोन परिच्छेद गाळून एक नवा घालतात. मग छापखान्यांतून अहवाल येतो तेव्हां असें आढळतें कीं, खजिनदारांनीं दुरुस्त केलेली प्रत टेबलाच्या खणांतच राहिली आणि छापली गेली ती पहिली. कोणती दुरुस्ती कोणीं केली, केव्हां केली आणि कां केली, याचा मागमूसहि उरलेला नसतो. चौघेहि प्रामाणिक असतात, चौघेहि मेहनती असतात. काम मात्र बिघडलेलें असतें. हा दोष माणसांचा नव्हे. कागद एका हातांतून दुसऱ्या हातांत कसा जावा, याची व्यवस्था नसल्याचा तो दोष आहे.

चार माणसें आणि वीस पानें यांची ही गत. आतां अशी कल्पना करा कीं, छापावयाचीं पानें तेरा हजारांहून अधिक आहेत. ज्या हस्तलिखितांवरून तीं सिद्ध करावयाचीं त्यांची संख्या १,२५९ आहे. तीं अनेक लिप्यांत लिहिलेलीं आहेत. काम ४७ वर्षें चालणार आहे. आणि ज्यांनीं तें आरंभिलें त्यांपैकीं बहुतेकांना त्याचा शेवट पाहावयास मिळणार नाहीं. श्रोते हो, असें काम आपल्या पुण्यांत झालें, आणि तें पुरेंहि झालें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति हेंच तें काम. या आवृत्तीच्या विद्वत्तेविषयीं पुष्कळ बोललें जातें. मी आज बोलणार आहें तें तिच्या मागें असलेल्या एका साध्या, आडव्या-उभ्या रेघांनीं आंखलेल्या कागदाविषयीं. कारण माझें असें मत आहे कीं, हें कार्य जितकें विद्वानांनीं तडीस नेलें, तितकेंच या कागदानें नेलें.

प्रथम अडचण काय होती तें पाहूं. महाभारत शेंकडों वर्षें पाठांतरानें आणि हस्तलेखनानें आपणांपर्यंत आलें. पोथी लिहिणारा लेखक म्हणजे यंत्र नव्हे. त्याच्या डोळ्यांना एक ओळ सोडून दुसरीच दिसते. समासांत कोणा वाचकानें लिहून ठेवलेला श्लोक त्याला मूळांतलाच वाटतो आणि तो त्याला आंत घेतो. आणि त्याच्यापुढें दोन पोथ्या असल्या तर एकींत आहे आणि दुसरींत नाहीं असा मजकूर टाकून देण्याचें धैर्य त्याला होत नाहीं. पवित्र ग्रंथांत भर घातली तर पाप लागत नाहीं, गाळलें तर मात्र लागतें, अशीच सामान्य समजूत. यामुळें ग्रंथ वाढत गेला. काश्मिरांत शारदा लिपींत, मिथिलेंत आणि बंगालांत तेथील लिप्यांत, दक्षिणेंत तेलुगु, ग्रंथ आणि मल्याळम् लिप्यांत तो लिहिला गेला, आणि प्रत्येक प्रांतांत त्याला निराळें वळण लागलें. कुंभकोणच्या छापील प्रतींत एकट्या आदिपर्वाचे श्लोक दहा हजारांहून अधिक आहेत; चिकित्सक आवृत्तींत तेच पर्व सात हजारांच्या आसपास येतें. एवढें अंतर एका पर्वांत!

आपल्या भाषेंत ‘हरताळ फासणें’ असा एक वाक्प्रचार आहे. त्याचें मूळ पोथ्यांतच आहे. हरताळ हा एक पिवळा खनिज पदार्थ. लिहितांना अक्षर चुकलें तर त्यावर हरताळाचा लेप द्यावयाचा आणि त्यावर नवें अक्षर लिहावयाचें, अशी जुनी रीत. लेप वाळला कीं खालचें अक्षर कायमचें झांकलें जाई. तें खरोखरच चुकलेलें होतें, कीं दुरुस्ती करणाऱ्याचेंच चुकलें होतें, हें मग कोणीं ठरवावें?

महाभारताचे पाठ ताडून पाहण्याचा प्रयत्न पूर्वीं झाला नव्हता असें नाहीं, आणि तो करणाऱ्यांत आपलाच एक थोर पुरुष होता. गोदातीरावरील कोपरगांवचें चतुर्धर घराणें. त्या घराण्यांतील नीलकंठ चतुर्धर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत काशीस राहून महाभारतावर ‘भारतभावदीप’ ही टीका लिहीत होते. देशोदेशींच्या पोथ्या जमवून त्यांतून उत्तम पाठ निश्चित केला, असें त्यांनींच सांगितलें आहे. पुढें नीलकंठी पाठ सर्वत्र मान्य झाला आणि छापखाने निघाल्यावर बहुधा तोच छापला गेला. आपल्या आजोबा-पणजोबांनीं वाचलेलें महाभारत तें हेंच. कांहीं ठिकाणीं नीलकंठांनीं इतर पाठांचा उल्लेखहि केला आहे. परंतु एकंदरींत पाहतां, कोणत्या पोथींत काय होतें, त्यांपैकीं कोणतें घेतलें आणि कोणतें सोडलें, याचा हिशेब त्यांच्याबरोबरच गेला. निर्णय राहिला, निर्णयाचीं साधनें राहिलीं नाहींत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांतील पंडितांना ही उणीव जाणवूं लागली. १८९७ सालीं पॅरिस येथें भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेंत विंटरनित्स यांनीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची निकड मांडली. १९०८ सालीं जर्मन पंडित हाइनरिख ल्यूडर्स यांनीं अशी आवृत्ति कशी असावी याचा एक लहानसा नमुना छापून दाखविला. पुढें १९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें आणि ती योजना तेथेंच थांबली. युरोपांत सुटलेलें हें सूत्र पुण्यानें हातीं घेतलें. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ऐंशीव्या वाढदिवशीं, ६ जुलै १९१७ रोजीं, त्यांच्या नांवानें संशोधन मंदिर स्थापन झालें. औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं महाभारताच्या कार्यासाठीं एक लाख रुपयांचें अभिवचन दिलें. १ एप्रिल १९१९ रोजीं वृद्ध भांडारकरांनीं मंगलश्लोकाची नोंद स्वहस्तें कागदावर उतरवून कामास प्रारंभ केला.

प्रारंभ झाला, पण रीत अजून बसावयाची होती. पहिले प्रमुख संपादक नारायण बापूजी उतगीकर यांनीं १९२३ सालीं विराटपर्व छापलें, तें मुद्दाम ‘तात्पुरती आवृत्ति’ म्हणून. तें देशोदेशींच्या विद्वानांकडे अभिप्रायार्थ गेलें. सर्व महाभारताचा डाव मांडण्यापूर्वीं एका लहान पर्वावर हात बसवून पाहावा आणि आपल्या चुका इतरांकडून काढून घ्याव्या, यांत मोठेंच शहाणपण होतें. १९२५ सालीं प्रमुख संपादकपदाचा भार डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्यावर आला. त्याच वर्षीं भांडारकर निवर्तले. सुखटणकर हे केंब्रिजचे गणिताचे विद्यार्थी. पुढें बर्लिन येथें ल्यूडर्स यांच्याच हाताखालीं त्यांनीं संस्कृताचा अभ्यास केला. गणित आणि व्याकरण या दोहोंचा संस्कार झालेल्या या माणसानें हातीं आलेली रीत घासूनपुसून पक्की केली. आतां त्या रीतीकडे वळूं.

फुलस्केप आकाराचा एक कागद घ्या. त्यावर आडव्या आणि उभ्या रेघा मारून चौकटी पाडलेल्या आहेत. सर्वांत वरच्या ओळींत प्रचलित छापील पाठांतील एक श्लोक ठळक अक्षरांत लिहिलेला आहे. आणि तोहि असा कीं, प्रत्येक अक्षर स्वतंत्र चौकटींत. खालची एकेक ओळ एकेका पोथीला दिलेली. त्या त्या पोथींत जें अक्षर निराळें असेल तें बरोबर त्याच अक्षराच्या चौकटीखालीं शाईनें लिहावयाचें. समजा, वर ‘राजा’ असें आहे आणि काश्मिरी पोथींत ‘राजन्’ आहे, तर ‘जा’च्या खालीं त्या पोथीच्या ओळींत ‘जन्’ एवढेंच येईल. प्रत्येक पोथीला तिच्या लिपीवरून एक अक्षर आणि एक आंकडा अशी संक्षिप्त खूण दिलेली असे. अशा रीतीनें दहा, वीस किंवा चाळीस पोथ्यांच्या नोंदी एका कागदावर एकाखालीं एक आल्या म्हणजे कोणत्या प्रांताची पोथी कोणाच्या बाजूनें बोलते, हें वरून खालीं नजर फिरवितांच दिसून येई.

कागदाच्या उजव्या बाजूस सुमारें चार इंच रुंदीचा एक रकाना शेऱ्यांसाठीं राखलेला होता. पोथींत कोणीं मागाहून दुरुस्ती केली आहे काय, समासांत कांहीं वाढविलें आहे काय, हें त्या रकान्यांत नोंदावयाचें. या श्लोकाच्या अलीकडे किंवा पलीकडे एखाद्या पोथींत जास्तीचा श्लोक असेल तर तोहि तेथेंच. ही भर फारच लांब असली तर ती वेगळ्या कागदावर उतरवून मूळ पत्रकाला योग्य जागीं जोडावयाची. या जोडकागदाला ‘शोधपत्र’ म्हणत.

या मांडणींत तीन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, प्रत्येक गोष्टीला ठरलेली जागा आहे. उत्तम नोंद करणारा मनुष्यहि, ‘हें कोठें लिहूं?’ असा प्रश्न पडला कीं घोटाळा करतो. पत्रकानें तो प्रश्नच उरूं दिला नाहीं. दुसरी ही कीं, नोंद करणाऱ्यानें निर्णय द्यावयाचा नाहीं. पोथींत जें आहे तें लिहावें. तें आपल्याला योग्य वाटतें कीं अयोग्य, याचा विचार त्या टेबलावर करावयाचा नाहीं. ही गोष्ट दिसते तितकी सोपी नव्हे. हें काम करणाऱ्यांत उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील, खास तयार केलेले शास्त्री होते, विद्यापीठाचे पदवीधर होते. ज्याला व्याकरण येतें त्याच्या हातून अपप्रयोग आपोआप सुधारला जातो. ज्याला कथा पाठ आहे तो समोरचें अक्षर न वाचतां आठवणींतलें वाचतो. या विद्वानांना आपली विद्वत्ता घटकाभर बाजूस ठेवावयास शिकविणें, हाच त्यांच्या शिक्षणाचा मोठा भाग असला पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एका गटानें केलेली नोंद संपादकाकडे जाण्यापूर्वीं दुसऱ्या गटाकडून तपासली जाई. आणि हा दुसरा गट पहिल्याहून वेगळ्या माणसांचा असे. ज्यानें लिहिलें त्यानेंच तें तपासावयाचें नाहीं. आपली चूक आपल्याला दिसत नाहीं, याचें कारण आळस नसून डोळ्यांचा स्वभाव आहे. जें आपण लिहिलें असें आपल्याला वाटतें तेंच ते वाचतात. घरांतील किराणा मालाच्या यादीपासून ब्रह्मसूत्रांपर्यंत हा नियम सारखाच लागू आहे.

सर्वच पोथ्या पुण्यास आणतां येण्याजोग्या नव्हत्या. म्हणून बंगाली पोथ्यांसाठीं शांतिनिकेतनांत विश्वभारतींत आणि दक्षिणी पोथ्यांसाठीं तंजावर येथें नोंदीचीं केंद्रें उघडण्यांत आलीं. शेंकडों कोसांवर बसलेला शास्त्री पुण्याच्या शास्त्र्याला कधीं भेटलेला नसला, तरी दोघांच्याहि नोंदी एकत्र ठेवून वाचतां येत होत्या; कारण दोघेहि एकाच तऱ्हेनें लिहीत होते.

मग पत्रकें संपादकापुढें येत. निर्णय द्यावयाचा तो येथें, आणि तोहि लहरीनें नव्हे. दूरदूरच्या, परस्परांशीं संबंध न आलेल्या परंपरा, उदाहरणार्थ काश्मिरी आणि केरळी, एकच पाठ देत असतील, तर तो पाठ जुना समजावयाचा. पोथ्यांत कोठेंच नसलेला पाठ केवळ आपल्या कल्पनेनें घालण्याचा मोह शक्य तितका टाळावयाचा. जेथें निर्णय निःसंशय नसेल तेथें त्या शब्दांखालीं नागमोडी रेघ द्यावयाची. ही नागमोडी रेघ मला फार आदरणीय वाटते. ‘येथें माझी खात्री नाहीं’ असें इतक्या नम्रपणें आणि इतक्या वेळां सांगणारे ग्रंथ आपल्याकडे थोडे आहेत.

आणि जें मूळ पाठांत घेतलें नाहीं त्याचें काय झालें? येथें हरताळ लागला नाहीं. लहान पाठभेद त्याच पानाच्या तळाशीं, कोणत्या पोथींत तो आहे त्याच्या खुणेसह छापला गेला. जास्तीचे श्लोक ताऱ्याची खूण आणि अनुक्रमांक देऊन तळटीपेंत आले. लांबलचक प्रकरणें परिशिष्टांत गेलीं. म्हणजे टेबलावरील पत्रकाचीच रचना छापील पानानें उचलली: वर निर्णय, खालीं पुरावा.

यांत पणाला काय लागलें होतें हें समजण्यासाठीं दोन उदाहरणें पुरेत. व्यासांनीं सांगावें आणि गणपतीनें लिहावें, ही कथा आपल्याकडील मुलांनाहि ठाऊक असते. आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तींत ती मूळ पाठांत नाहीं. पुराव्यावरून ती मागाहूनची ठरली, आणि पहिल्या परिशिष्टाच्या आरंभींच ती छापलेली आहे. दुसरें उदाहरण सभापर्वांतील. भर सभेंत द्रौपदीचें वस्त्र ओढलें जात असतां एकामागून एक वस्त्रें प्रकट होतात, हें मूळ पाठांत आहे. परंतु तिनें श्रीकृष्णाचा धांवा केला आणि तो धांवून आला, हे श्लोक मूळांत नाहींत. ते तळाशीं आहेत. ज्या घरांत हा प्रसंग वाचतांना आजींचे डोळे भरून येत, त्या घरांतील माणसाला हें वाचून धक्का बसावा, हें स्वाभाविक आहे.

आतां विचार करा. हाच निर्णय एखाद्या पंडितानें, तो कितीहि मोठा असो, एकट्यानें बंद खोलींत घेतला असता आणि ते श्लोक नुसते गाळून ग्रंथ छापला असता, तर लोकांनीं त्याच्यावर विश्वास कां ठेवावा? परंतु येथें कोणीहि पान उलगडावें आणि पाहावें: अमुक श्लोक अमुक पोथ्यांत आहेत, अमुक पोथ्यांत नाहींत. संपादकाचा निर्णय न पटला तर तो फिरवावयास लागणारी सारी सामग्री त्याच पानावर आहे. भाविकाचा श्लोक नाहींसा झाला नाहीं. त्याचें वय मात्र सांगितलें गेलें. लोकांच्या अंतःकरणाशीं निगडित असलेल्या ग्रंथाला हात लावण्याचा अधिकार कोणाला असेल, तर तो आपल्या प्रत्येक कृतीचा हिशेब उघडा ठेवणाऱ्यालाच.

टीका झाली नाहीं असें नाहीं. विख्यात फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनीं आरंभींचे भाग पाहून असा सल्ला दिला कीं, मूळ पाठ सिद्ध करण्याचा खटाटोप सोडावा, नीलकंठी पाठ जसाच्या तसा छापावा आणि त्याखालीं पाठभेद द्यावे. सुखटणकरांनीं हा सल्ला मानला नाहीं, पण त्याला सविस्तर उत्तर दिलें. गति मंद आहे, अशीहि तक्रार करण्यास जागा होती. १९१९ सालीं आरंभ झालेल्या कामांतून आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ सालीं निघाला, आणि तें पर्व पुरें होण्यास १९३३ साल उजाडलें. परंतु त्या पर्वाच्या एकूण पाठाला निदान दहा पोथ्यांचा आधार घेतलेला होता. पुष्कळ भागांना वीस, कांहींना तीस किंवा चाळीस, आणि पहिल्या दोन अध्यायांना तर पन्नास. हीं वर्षें आळसांत गेलेलीं नव्हतीं. तीं चौकटी भरण्यांत गेलीं होतीं.

या रीतीची एक कसोटी अनपेक्षितपणें लागली. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळचे राजगुरु हेमराज पंडित यांच्याकडून त्या पर्वाची एक फार जुनी पोथी सुखटणकरांच्या पाहण्यांत आली. ही पोथी पूर्वीं कोणीं ताडून पाहिलेली नव्हती. छापील पाठ खोटा ठरविण्याची ही उत्तम संधि होती. परंतु थोड्याच पोथ्यांच्या साक्षीवर विसंबून जे श्लोक मूळांतून बाहेर काढले होते, त्यांपैकीं पुष्कळ या जुन्या पोथींतहि नव्हते. सुखटणकरांनीं त्या पोथीवर स्वतंत्र निबंध लिहिला. गणितांत उत्तर काढल्यावर ताळा पाहतात, तसा हा ताळा होता. आणि तो जमला.

एकट्या पुण्याच्या संपादकानें अठरा पर्वें उरकणें शक्य नव्हतें. म्हणून पर्वें वांटून दिलीं. लाहोरचे डॉ. रघुवीर यांनीं विराटपर्व संपादिलें. तें १९३६ सालीं निघालें. ढाक्याचे डॉ. सुशीलकुमार दे यांचें उद्योगपर्व १९४० सालीं आलें. सभापर्व अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे फ्रँक्लिन एजर्टन यांच्याकडे होतें. दुसरें महायुद्ध चालू असतांनाच, १९४४ सालीं, तेंहि प्रसिद्ध झालें. लाहोर, ढाका आणि अमेरिका येथें बसलेल्या तिघांनीं एका ग्रंथाचे तीन भाग संपादावे आणि वाचतांना ते एकाच ग्रंथाचे वाटावे, हें कसें घडलें? नियम एक होते, खुणा एक होत्या, पत्रकांचा नमुना एक होता.

२१ जानेवारी १९४३ रोजीं सुखटणकर अकस्मात निवर्तले. आरण्यकपर्व त्यांनीं नुकतेंच, १९४२ सालीं, पुरें केलें होतें. महाभारताच्या अर्थाविषयीं मुंबई विद्यापीठापुढें ते व्याख्यानें देत होते. त्यांतील शेवटचें व्याख्यान द्यावयाचेंच राहिलें. एखाद्या कार्याचा प्राण असा मधेंच गेला म्हणजे तें कार्य बहुधा कोसळतें. त्याच्या डोक्यांत काय होतें, कोणती दुरुस्ती कोठवर आली होती, हें त्याच्याखेरीज कोणालाच ठाऊक नसतें. येथें तसें झालें नाहीं. डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर त्या जागीं बसले. १९४७ सालीं भीष्मपर्व निघालें आणि पुढें प्रचंड शांतिपर्वहि पुरें झालें. १९६१ सालीं त्यांच्यानंतर डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य आले. प्रा. हरि दामोदर वेलणकर, प्रा. रघुनाथ दामोदर करमरकर, डॉ. रामचंद्र नारायण दांडेकर प्रभृतींनीं एकेक पर्व उचललें. २२ सप्टेंबर १९६६ रोजीं राष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन् यांच्या हस्तें शेवटचा खंड प्रकाशित झाला. एकोणीस खंड झाले, आणि मागाहून हरिवंशाचीहि जोड मिळाली. माणसें बदललीं, टेबलावरचा कागद बदलला नाहीं.

पुढें विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानचे मुनेओ तोकुनागा यांनीं हा पाठ संगणकावर उतरविला आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनीं त्याची पुन्हां तपासणी केली. एकानें लिहावें आणि दुसऱ्यानें तपासावें, हा जुना क्रम यंत्राच्या युगांतहि सुटला नाहीं. आज कचेऱ्यांतून कोणी कागद कोणाकडे पाठवावा, कोणीं संमति द्यावी, जुना मसुदा कसा जपून ठेवावा, यासाठीं यंत्रें मिळतात. परंतु यंत्र विकत घेतल्यानें रीत येत नाहीं. या सर्व रीतीचें सार चार वाक्यांत सांगतां येईल. प्रत्येक नोंदीला एक ठरलेली जागा असावी. नोंदणारा आणि तपासणारा निराळे असावे. निर्णय एकानें द्यावा, पण सर्वांना दिसेल असा द्यावा. आणि जें नाकारलें तें फेंकून देऊं नये.

या कथेंत मीं पुष्कळ थोरांचीं नांवें घेतलीं. ज्यांनीं वर्षानुवर्षें खाली मान घालून चौकटींत एकेक अक्षर भरलें, त्या शास्त्र्यांचीं आणि पदवीधरांचीं नांवें मात्र आपल्या तोंडीं नाहींत. त्यांनीं कोणताहि सिद्धांत मांडला नाहीं. सिद्धांत मांडावयाचा नाहीं, हीच त्यांच्या कामाची अट होती. परंतु संपादकाला जें धैर्य आलें तें त्यांच्या अक्षरावर विश्वास ठेवतां आला म्हणून. पुढच्या खेपेस आपल्या संस्थेचा अहवाल चौघांच्या हातून फिरूं लागला, तर त्यांची आठवण करावी. आणि खजिनदारांनीं काय दुरुस्त केलें, कोणत्या तारखेस केलें, एवढें तरी समासांत लिहून ठेवण्यास विसरूं नये. कोणास ठाऊक, पन्नास वर्षांनीं कोणी तरी तो समास वाचील.